मोठ्या मिस्सेनंतर

लिस्बन
शुक्रवार, १९ सप्टेंबर २०२५, संध्याकाळ

एलिशा,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात वळला नाही, आणि खोटं लिहायला मी एवढ्या लांब आलेले नाही.

तू आली नाहीस. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे लिहिता येईल. माझ्या शेल्डनने तुझा निरोप मला जसाच्या तसा सांगितला होता. संत अंतोनीच्या चर्चला मोठी मिस्सा झाली की दारात उभी राहीन, बायला तिथेच यायला सांग. तुझी थोरली बाय आली. दोहाहून रात्रभर विमानात बसून, सकाळी उतरून, हॉटेलात बॅग टाकून, तोंडावर पाणी मारून थेट चर्चला आली. मिस्सेला बसली आणि मिस्सा संपल्यावर दारात उभी राहिली. किती वेळ ते विचारू नकोस. दारासमोर टुकटुकवाल्यांची रांग असते. त्यातल्या एकाने मला दोनदा विचारलं, मॅडम टूर? तिसऱ्यांदा विचारायचं सोडून पाण्याची बाटली आणून दिली. बांगलादेशी होता. तुझ्या या युरोपात मला पहिलं पाणी सिल्हेटच्या माणसाने पाजलं.

आणि काय ती मिस्सा! या लोकांनी बोटी घेऊन येऊन आपल्या वसईला नावं दिली, आडनावं दिली, गुडघ्यावर बसायला शिकवलं, आणि यांच्या स्वतःच्या गावात मिस्सेला कोण? पाच-सात म्हाताऱ्या, एक पेंगणारा गृहस्थ आणि मान वर करून छताचे फोटो काढणारे टुरिस्ट. ना गाणी, ना प्रवचन. फादरसुद्धा घाईत. दोहात आपल्याला चर्चवर क्रूस लावता येत नाही, घंटा वाजवता येत नाही, गेटवर बॅगा तपासतात, तरी शुक्रवारी मिस्सेला आत पाय ठेवायला जागा नसते. तुला आठवत असेल, शेल्डन लहान होता तेव्हा तू त्याला कडेवर घेऊन बाहेर उन्हात उभी राहायचीस. आणि इथे, खुद्द संताच्या जन्माच्या जागेवर, बाकं रिकामी. मला या लोकांची लाज वाटली. तुझी वाटायला त्यानंतर थोडा वेळ लागला.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून दिवस घालवायला मी आले नव्हते, म्हणून मग शहर बघायला निघाले. एकटीच. रॉबर्ट येतो म्हणत होता, मी नको म्हटलं. दोन बहिणींच्या मध्ये नवरा कशाला? आता वाटतं, आणला असता तर निदान चढावर हात धरायला झाला असता.

कारण इथे सगळा चढच आहे. काय बघायला येतात लोक, देव जाणे. रस्त्याला गुळगुळीत पांढरे दगड बसवलेत, त्यावरून माणसं घसरतात आणि घसरली की हसतात. घरांच्या भिंतींना बाहेरून टाइल्स. आपल्याकडे मोरीत लावतात त्या यांनी रस्त्याकडे तोंड करून लावल्या आणि अख्खं जग त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतंय. किल्ल्यावर गेले. वसईचा किल्ला फुकट बघायला मिळतो, त्यात निदान ताडाची झाडं तरी आहेत. इथे तिकीट काढून आत जायचं आणि मोर बघायचे. मोर! ते बघायला हिंदुस्थानातून बाई आली.

जेवायला तारल्या होत्या. होय, तारल्याच. डोक्या-काट्यांसकट भाजलेल्या, बाजूला उकडलेला बटाटा, आणि वेटर असा उभा की जणू सरंगा वाढलाय. आई तारल्या आणायची त्या मांजरासाठी. मी हाताने खाल्ल्या. शेजारचं जोडपं सुरी-काटा धरून बघत बसलं. बसू दे.

आईचं नाव निघालंच आहे, तर तेही बोलून टाकू. तीन वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा मी मिळेल त्या विमानाने निघाले आणि त्याच दिवशी वसईत घरी पोचले. तुझ्यासाठी आईला एक दिवस जास्त ठेवलं, बर्फावर. फादर विचारायला आले, धाकटी येतेय ना? मी म्हटलं, येतेय. मग तुझा मेसेज आला. इथे राहायच्या परवान्याचं कार्ड रिन्यू व्हायला गेलंय, आत्ता देश सोडला तर परत आत घेणार नाहीत, कागद नाही म्हणून मी येऊ शकत नाही. मी तो सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवला आणि तिथल्या तिथे तुला ब्लॉक केलं. आईला माती द्यायला कागद लागतो, हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आणि ते कार्ड तरी कशासाठी? एका परक्या म्हातारीला आंघोळ घालण्यासाठी. आपल्या म्हातारीला शेवटची आंघोळ आम्ही घातली.

माझ्या घरात तुला काय कमी होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मी तुला दोहात आणलं, क्लिनिकमध्ये चिकटवलं, माझ्या फ्लॅटमध्ये ठेवलं. संध्याकाळी घरी आलो की दोघी मिळून चपात्या करायचो, बहुतेक तू करायचीस. शेल्डनचा अभ्यास तू घ्यायचीस. आणि एके दिवशी तू म्हणालीस, बाय, मला माझं घर पाहिजे. म्हणजे ते कोणाचं होतं?

मी का आले ते शेल्डनने तुला सांगितलं असेलच. नाताळानंतर त्याचं लग्न आहे, वसईत. मुलगी गिरीजची, घर चांगलं. आदल्या दिवशी नवऱ्याला आंघोळ घालायचं पाणी बायका विहिरीवरून वाजतगाजत आणतात, तर हा म्हणतो पहिली कळशी मावशीची. मावशी नसेल तर मी नळाखाली बसतो, असं मला तोंडावर म्हणाला. मी त्याला सांगितलं, ठीक आहे, मी स्वतः जाते, तिच्या तोंडाकडे बघून एकच प्रश्न विचारते. आईच्या मातीला का आली नाहीस? दारात आली तर तिथेच लग्नाला बोलावीन. नाही आली, तर तुझ्या मावशीचं नाव या घरात पुन्हा निघणार नाही.

तू आली नाहीस.

व्हेरोनिका

* * *

लिस्बन विमानतळ
शनिवार, २० सप्टेंबर, दुपार

एलिशा,

आज सकाळी तुला आणखी एक संधी दिली. तुला पत्ताही नसेल. पुन्हा चर्चवर गेले, वाटेतच होतं म्हणून. वाटेत नव्हतं, पण तसं समज. आत दोन बायका फुलं लावत होत्या, एक जण बाकं पुसत होती. काल जिथे कुत्रं फिरकलं नाही तिथे आज बाकं पुसतायत, जणू उद्या कोणी येणार आहे. मी दारात थोडी उभी राहिले. कालचा टुकटुकवाला होता. त्याने लांबूनच मान हलवली, म्हणजे नाही, कोणी आलेलं नाही. त्यालाही कळलं होतं मी कोणाची तरी वाट बघतेय. मला इतकं अपमानास्पद आयुष्यात वाटलेलं नाही. क्लिनिकमध्ये पेशंट तोंडावर ओरडतात तेव्हाही नाही.

मग त्याच्याच टुकटुकमध्ये बसून बेलेंला गेले. तिथे मोठा मठ आहे, त्यात वास्को द गामाची कबर. दगडाचा वास्को हात जोडून उताणा पडलाय आणि माणसं रांग लावून त्याच्या नाकाचे फोटो घेतायत. मी त्याला म्हटलं, तू आमच्याकडे आला नसतास तर माझी बहीण तुझ्याकडे आली नसती. कोणी ऐकलं नाही, मराठीत म्हटलं होतं.

बाहेर नदीकाठी जमिनीवर जगाचा नकाशा काढलाय. हे लोक कुठे कुठे पोचले, कोणत्या साली पोचले, सगळं लिहून ठेवलंय. मी वसई शोधली. वाकून वाकून शोधली, मला काही सापडली नाही. एक गोरी बाई हिंदुस्थानावर उभी राहून आइस्क्रीम खात होती, तिच्या बुटाखाली असेल तर माहीत नाही. दोनशे वर्षं आपल्या गावात राहिले आणि लक्षात एवढंही नाही. तू यांच्यात येऊन राहिलीस हे मग मला बरोबरच वाटलं. तिथे वारा फार होता. डोळ्यांना पाणी येत होतं.

त्या प्रसिद्ध अंड्याच्या वड्याही खाल्ल्या, वरून करपलेल्या. करपल्या आहेत असं मी सांगितलं तर मुलगी म्हणाली, त्या तशाच असतात. या शहरात जे बिघडलेलं असतं ते तसंच असतं.

तुझा पत्ता पर्समध्ये आहे. शेल्डनने लिहून दिलाय, ट्रेनने अर्धा तास, स्टेशनसमोरची दुसरी गल्ली. काल संध्याकाळी मी स्टेशनपर्यंत गेले होते. तिकिटाच्या मशीनसमोर उभी राहिले आणि परत फिरले. तू चर्चच्या दारात बोलावलं होतंस, घराच्या दारात नव्हतं बोलावलं. न बोलावता कोणाच्या घरी जायची सवय मला नाही.

शेल्डनचा मेसेज आला होता, भेटली का मावशी? मी लिहिलं, नाही, खलास. त्याचे फोन यायला लागले म्हणून फोन बंद केला. त्याने तुझी वकिली करावी आणि मी ती ऐकावी, एवढी ताकद आता माझ्यात नाही. बंद करायच्या आधी वसईच्या ग्रुपवर मात्र लिहून टाकलं. एलिशाला भेटायला लिस्बनपर्यंत गेले, ती आली नाही, तेव्हा लग्नात तिचं नाव कोणी काढू नये. मामींनी हात जोडलेले पाठवले, कोणीतरी रडका चेहरा पाठवला. दोघा-तिघांनी लिहिलं की आम्हाला हेच वाटलं होतं. त्यांना तर कायमच सगळं आधी वाटलेलं असतं.

हे पत्र आणि कालचं, दोन्ही इथेच विमानतळावर पेटीत टाकतेय. तुला घरपोच मिळतील. हे तरी मी तुझ्यासाठी केलं. मला उद्या सकाळी ड्युटी आहे.

व्हेरोनिका

* * *

दोहा, अल मुंतझा
रविवार, २१ सप्टेंबर, संध्याकाळ

एलिशा,

तू आज उभी होतीस.

दुपारी रिसेप्शनवर माणसांचा लोंढा होता. रविवार म्हणजे आमचा आठवड्याचा पहिला दिवस, शुक्र-शनिवारी दुखणं दाबून ठेवलेले सगळे त्या दिवशी येतात. माझी झोप झालेली नव्हती, इन्शुरन्सवाले फोन उचलत नव्हते. त्यात शेल्डनचे मिस्ड कॉल. मी फोन उलटा ठेवला. थोड्या वेळाने तो स्वतःच आला, साइटवरून, बुटांना धूळ तशीच. पेशंटच्या रांगेत न थांबता काउंटरवर वाकला आणि म्हणाला, “ममा, मावशी इज अ‍ॅट द चर्च. शी इज आस्किंग व्हेअर यू आर.”

मी म्हटलं, “आज रविवारी चर्चला काय करतेय ती?”

हे मी बोलले. वसईची मुलगी, जिच्या आईने रविवारची मिस्सा चुकली म्हणून जेवायला वाढलं नव्हतं, ती. बोलून झाल्यावर मी माझ्याच तोंडाकडे बघितलं असतं, जमलं असतं तर.  आधी शेल्डनलाही कळलं नाही. त्याचा जन्मच इथला, त्याने लहानपणापासून रविवारची मिस्सा इथल्या सुट्टीच्या दिवशी, शुक्रवारीच बघितलेली. माझं तिकीट त्यानेच काढलं होतं, गुरुवारी रात्री जायचं, शनिवारी निघायचं, आणि त्यात त्याला काही चुकीचं दिसलं नव्हतं. रॉबर्टलाही नव्हतं दिसलं. या घरात तीन कॅथलिक माणसं आहेत आणि तिघांपैकी एकालाही आठवलं नाही की बाकीचं जग रविवारी चर्चला जातं.

तेव्हा शुक्रवारच्या त्या रिकाम्या बाकांबद्दल मी जे लिहिलं ते तुझ्याकडे पोचेल तेव्हा तू हसशील. हस. आठवड्याच्या मधल्या दिवसाची मिस्सा होती ती, आणि मी पूर्ण युरोपला नरकात पाठवून मोकळी झाले. आणि ती बाई शनिवारी बाकं पुसत होती ती आजच्यासाठी.

मला पहिला राग तुझाच आला, हेही लिहिते. इतकी वर्षं तू माझ्याबरोबर शुक्रवारी मिस्सेला आलीस. तुला कळायला हवं होतं की तुझी बहीण कोणत्या दिवशी दारात येईल. पण तू तिकडची झालीस ना. तुला रविवार परत मिळाला आणि आमचा शुक्रवार तू विसरलीस. असं मी काउंटरमागे उभी राहून मनात म्हणत होते, आणि समोरच्या बाईचं आयडी कार्ड माझ्या हातात तसंच होतं.

मग मी शेल्डनला सांगितलं, कळव तिला, ममा आलीच नाही. तिकीट रद्द झालं म्हणून सांग.

कारण तू मला गर्विष्ठ समजलीस तर चालेल, उलट्या काळजाची समजलीस तरी चालेल, ते तू आधीच समजतेस. मला मूर्ख समजू नकोस. एवढंच त्या क्षणी माझ्या डोक्यात होतं. तू तिथे उन्हात उभी होतीस आणि मला माझी अब्रू दिसत होती.

तुला माहीत आहे, शेल्डन माझ्याशी कधी मराठी बोलत नाही. मी मराठीत विचारते, तो इंग्रजीत उत्तर देतो, इतकी वर्षं असंच चाललंय. मराठी तो फक्त तुझ्याशी बोलायचा. आज त्याने काउंटरवर हात ठेवला आणि मराठीत म्हणाला, “मावशीला मी खोटं नाही सांगणार. तू सांग.”

मी सांगितलं नाही. समोर रांग होती, असं म्हणायला हरकत नाही. त्यानेच तुला कळवलं की ममा शुक्रवारी येऊन गेली. तू फक्त ‘शुक्रवारी?’ एवढं लिहिलंस. मग त्याने ग्रुपवर मी काय लिहिलं ते वाचलं. यल्ला, चला, मी निघतो म्हणाला आणि गेला. अजून घरी आलेला नाही.

ती दोन पत्रं पेटीत पडली आहेत. रॉबर्टने विचारलं, विमानतळावर फोन करून परत मागवता येतील का? त्याच्याकडे मी असं बघितलं की तो उठून चहा करायला गेला. तू ती वाचशील. म्हातारीच्या आंघोळीचं वाचशील, पहिल्या पत्रात आहे. ते वाचू नकोस असं लिहिलं असतं, पण हे पत्र त्यांच्यानंतर पोचणार.

म्हणून हे पाठवतच नाही. ड्रॉवरमध्ये ठेवते.

* * *

दोहा, अल मुंतझा
गुरुवार, २५ सप्टेंबर

एलिशा,

रविवारचं पत्रही याच पाकिटात घालतेय. आधी ते वाच.

काल तुझा निरोप आला. शेल्डनने फोन माझ्यासमोर धरला, हातात दिला नाही. “पत्रं मिळाली. दोन्ही वाचली. बायला सांग, मी या रविवारीही दारात उभी राहीन.”

तुला स्वाभिमान म्हणून काही आहे की नाही? दोन पत्रं वाचलीस, त्यात मी तुला काय काय म्हटलंय ते वाचलंस, आणि तरी तू उभी राहणार? मी असते तर ते कागद फाडून, त्याच पाकिटात घालून परत पाठवले असते. आईने तुला फार सोसायला शिकवलं आणि मला अजिबात नाही. दोघींत सारखं वाटायला हवं होतं तिने. रात्रभर तुझ्यावर चिडत बसले आणि सकाळी उठून मन्सूरकडे रविवारची सुट्टी मागायला गेले.

मन्सूर म्हणजे आमचा मॅनेजर, केरळचा, तुझ्यानंतर आलेला. रविवारची रजा तो कोणाला देत नाही. मी कारण सांगितलं. बहीण चर्चच्या दारात उभी राहणार आहे, असंच सांगितलं, माझ्या तोंडून तेच बाहेर पडलं. तो म्हणाला, “जाओ व्हेरोनिका, काउंटर मैं देख लूँगा.” मी त्याला इतकी वर्षं खडूस म्हणत आलेय, अजूनही म्हणेन, पण थोडं हळू.

तिथून सरळ ट्रॅव्हल्सवाल्या नफिसाकडे गेले, आपल्याच बिल्डिंगच्या खाली दुकान आहे. पर्समधून पासपोर्ट काढला, टेबलावर ठेवला, म्हटलं, शनिवारी सकाळी पोचव, सोमवारी आण, रविवार पूर्ण पाहिजे. तिने पासपोर्ट उघडला आणि व्हिसाचं पान माझ्याकडे फिरवलं. एकदाच जायचा व्हिसा होता तो. गेलं की संपलं. नवीन करायचा तर अपॉइंटमेंट मिळायलाच दिवस जातात, मग पुढे तीन-चार आठवडे.

मी तिच्याशी भांडले. तुला माहीत आहे मी कशी भांडते. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाहेर जाऊन उभी राहिली. मी म्हटलं, माझी बहीण तिथे एकटी उभी राहणार आहे, मला दोन दिवसांत परत यायचंय, मी काय तुमच्या युरोपात घर करायला निघाले आहे का, एका कागदाने काय अडतं? नफिसा बिचारी म्हणाली, “आंटी, पेपर नहीं है तो नहीं जा सकते. इसमें मैं क्या करूँ.”

मी खुर्चीवर बसले. तिने पाणी आणून दिलं.

कागद नाही म्हणून मी येऊ शकत नाही. हे वाक्य मी आत्ता लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले. तुझंच आहे, शब्दाला शब्द. आईच्या डोक्याशी उभी राहून मी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं, आवाज चढवून, एकेका शब्दावर जोर देऊन. तेव्हा तू कुठे होतीस, कोणाच्या काउंटरवर भांडत होतीस, तुला कोणी पाणी दिलं की नाही, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही. मला वाटत होतं, ज्याला यायचं असतं तो येतो. मला यायचंय, एलिशा. मी येऊ शकत नाही.

तुला एक प्रश्न विचारायला मी लिस्बनला आले होते. तो आता विचारायचा राहिला नाही.

ग्रुपवर मी दुपारी लिहिलं. एलिशा आली होती, मीच चुकीच्या दिवशी गेले होते, तेव्हा तिच्याबद्दल जे लिहिलं ते मागे घेते.  मग मामींनी विचारलं, चुकीच्या दिवशी म्हणजे कसं? मी लिहिलं, रविवारऐवजी शुक्रवारी. त्यावर अख्ख्या वसईने हसायचे चेहरे पाठवले, एकामागून एक, अजून येतच आहेत. आम्हाला हेच वाटलं होतं असं या वेळी कोणी लिहिलं नाही. पुढची वीस वर्षं प्रत्येक सणाला मला हे ऐकायला लागणार. ऐकेन. म्हणजे ऐकून घेणार नाही, पण जेवणाच्या टेबलावरून उठणार नाही.

लग्नाचं सांगते. चौदा जानेवारी ठरवलीय. तुझं कार्ड आता हातात आहे ना? रिन्यू व्हायला गेलेलं नाही ना? असेल तर तसं सांग, मी शेल्डनशी बोलले आहे, तारीख पुढे ढकलू. मुलीकडचे कुरकुर करतील. त्यांना काय सांगायचं ते मी बघते. तुझ्याकडे कागद येईपर्यंत या घरात लग्न नाही.

हे पत्र रविवारच्या आत पोचणार नाही, ते मला कळतं. तरी पोस्टात टाकतेय, कारण बोलायला लागले की यातलं निम्मं मी गिळीन आणि उरलेलं भांडणासारखं बोलेन. तू नंतर निवांत वाच.

तुझ्या नंबरवरचा ब्लॉक मी आज काढला. तू दारात उभी राहा म्हणालीस तर राहा, मी नको म्हणत नाही. मिस्सा झाली की माझा फोन येईल. इथे तेव्हा दुपार असेल, रजा मिळालेली आहे, मी घरीच असेन, रॉबर्टला बाहेर पाठवलेलं असेल. उचल. आणि सुरुवातीला माझ्याकडून काही ऐकू आलं नाही तर ठेवून देऊ नकोस.